जुगार पलीकडचा, पाणी अलीकडचे

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने २०२१ साली एक विलक्षण कायदा संमत केला. लास व्हेगास आणि त्याच्या परिसरातील रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांची आवारे, वसाहतींची प्रवेशद्वारे अशा ठिकाणी केवळ शोभेसाठी राखलेल्या हिरवळीला २०२६ साल संपल्यावर कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही, असा तो कायदा. घरांची अंगणे आणि खेळाची मैदाने यांना त्यातून सूट आहे. पण गोल्फच्या मैदानांनाही मोकळे सोडलेले नाही. त्यांना वर्षाकाठी पाण्याचा ठरावीक वाटा मिळतो आणि तो २०२४ पासून एकरी ६.३ एकर-फुटांवरून ४ एकर-फुटांवर आणण्यात आला. ज्या शहराने जुगाराच्या पैशावर वाळवंटात नंदनवन उभे केले आणि साऱ्या जगाला भुरळ घातली, तेच शहर आज हिरवळ उपटणाऱ्या नागरिकाला चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे मोजत आहे.

हा काही कोणा पर्यावरणवाद्याच्या आंदोलनाचा परिणाम नव्हे. अत्यंत कमी पावसाच्या प्रदेशात सात राज्ये आणि शेजारचा मेक्सिको मिळून एका नदीवर जगत आहेत. सुमारे चार कोटी लोकांची तहान त्या नदीवर भागते. १९२२ च्या करारात तिचे पाणी वाटले गेले, तेव्हा ती जेवढी वाहते असे गृहीत धरले होते तेवढी ती प्रत्यक्षात वाहतच नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच तेथे अधिकृतपणे पाणीटंचाई जाहीर झाली. जुलै २०२२ मध्ये हूवर धरणाच्या मीड जलाशयाने १९३० च्या दशकात तो भरल्यापासूनचा नीचांक गाठला. ही नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतही नाही.

याच नदीच्या काठी, नेवाडाच्या दक्षिण टोकाला, लाफलिन नावाचे एक छोटे गाव आहे. १९६० च्या दशकात डॉन लाफलिन नावाच्या गृहस्थाने तेथे जुगारगृह थाटले. त्याच्या पाठोपाठ इतर आले आणि वाळवंटातल्या त्या नदीकाठी कॅसिनोंची रांग उभी राहिली. समोरच्या काठावर ॲरिझोना राज्य. तेथे बुलहेड सिटी हे मोठे गाव आहे. या काठावर जुगार, त्या काठावर त्या जुगारगृहांत राबणाऱ्या कामगारांची वस्ती आणि दोन्ही काठांच्या आसपास पर्यटकांचे मन रमावे म्हणून वाळवंटात आखलेली गोल्फची हिरवीगार मैदाने, अशी ही व्यवस्था. राज्ये दोन, कायदे दोन, महसूल एकाचा. नदी मात्र एकच.

हे सारे रत्नागिरीत बसून लिहिण्याचे कारण असे की, अशीच एक नदी आपल्याही दाराशी आहे.

तेरेखोलची नदी म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा यांची सरहद्द. वाचकांपैकी अनेकांना स्मरत असेल की, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ही सरहद्द रत्नागिरी जिल्ह्याचीच होती. रेवसहून निघालेला आणि आपल्या जिल्ह्याची सारी किनारपट्टी ओलांडून जाणारा सागरी महामार्ग जेथे संपतो, ते रेडी गाव याच नदीच्या मुखाशी आहे. त्याला लागून, नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे भूगोलाच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या बाजूला, तेरेखोल हे गोव्याचे एकटे गाव आहे. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हिरावून घेतलेला किल्ला तेथे आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या एका तुकडीने याच किल्ल्यावर तिरंगा फडकावला. पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहात हिरवे गुरुजींनी याच परिसरात प्राण अर्पण केले, आणि त्याच दिवशी तिकडे पत्रादेवीला राजाभाऊ महाकाळ पोर्तुगीज गोळ्यांना सामोरे गेले. आज पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापुढे माथा टेकवून महामार्गाने गोव्यात उतरले की काही किलोमीटरवर धारगळ लागते. या लेखाचा विषय त्या धारगळपाशी आणि या तेरेखोलपाशी आहे.

तेरेखोलची गोष्ट आधी सांगतो. या शतकाच्या पहिल्या दशकात एका बड्या हॉटेल कंपनीने या चिमुकल्या गावातील बारा लाख चौरस मीटरहून अधिक जमीन विकत घेतली. गावाचा बहुतांश भागच तो. काजू, माड आणि डोंगरउतारावरील शेती यांच्या जागी गोल्फचे मैदान आणि त्याभोवती आलिशान निवास असा बेत होता. ग्रामस्थांनी विरोध केला. कसणाऱ्या कुळांना मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामाला वापरता येणार नाही, या गोव्याच्या १९९१ च्या कायद्याचा मुद्दा पुढे आला, आणि प्रकरण महसूल अधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत व हरित लवादापर्यंत गेले. विकासाला आडवे येणारे म्हणून या गावकऱ्यांची हेटाळणीही झाली. पण त्यांचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: एवढ्या गवताला पाणी कोठून देणार?

या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडणे अवघड नाही. अठरा भोकांच्या मैदानाला साधारणपणे शंभर एकरांच्या आसपास ओलिताची हिरवळ लागते, असे धरून चालू. (खेळाचे नाव काहीही असो, मूळ वस्तू गवत आहे हे विसरू नये.) कोकणात पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने आकाशातून थेंब पडत नाही आणि गोल्फ खेळणारा पर्यटक नेमका याच आठ महिन्यांत येतो. पावसाळ्यात येत नाही. या दिवसांत उन्हाने आणि वाऱ्याने जमिनीतून व गवतातून रोज किमान चार मिलिमीटर पाणी उडून जाते असे अत्यंत सौम्य अनुमान केले, तरी शंभर एकरांना दिवसाला सोळा लाख लिटर पाणी घालावे लागेल. ‘जलजीवन मिशन’ने ग्रामीण भागात माणशी दिवसाला पंचावन्न लिटरचा निकष ठेवला आहे. त्या हिशेबाने हे एकोणतीस हजार माणसांचे पाणी झाले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे शहात्तर हजार होती. म्हणजे शीळ धरणाच्या भरवशावर राहणाऱ्या आपल्या शहरातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसांइतके पाणी एका मैदानाला. आणि हे मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांतही द्यावे लागेल, जेव्हा आपल्याच जिल्ह्यातील डोंगरमाथ्यांवरच्या धनगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग पाण्याची वाण कसली, असा प्रश्न पुण्या-मुंबईहून जमीन पाहायला येणारे नेहमी करतात. त्यांना जांभा दगड ठाऊक नसतो. जांभ्यात पाणी थांबत नाही. श्रावणात दुथडी वाहणारा पऱ्या माघ-फाल्गुनात दगडगोट्यांचा रस्ता होतो आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. लाफलिनला पाऊस बारा महिने पडत नाही आणि आपल्याकडे आठ महिने पडत नाही. त्या आठ महिन्यांपुरते आपणही वाळवंटवासीच आहोत.

यावर प्रकल्पवाल्यांची दोन ठरलेली उत्तरे असतात. पहिले असे की, आम्ही पावसाचे पाणी तळ्यांत साठवू. साठवा. आठ महिन्यांना सुमारे एकोणचाळीस कोटी लिटर पाणी लागेल. त्यासाठी पाच मीटर खोलीचे तळे खणायचे तर ते एकोणीस एकरांचे होईल, आणि यात तळ्यातून उडून जाणारे व जांभ्यातून झिरपून जाणारे पाणी धरलेले नाही. दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे: आम्ही सांडपाणी शुद्ध करून तेच वापरू. लास व्हेगासमध्ये हे खरोखरच होते. परंतु तेथे लक्षावधी लोकांचे शहर आहे आणि त्याचे सारे सांडपाणी भुयारी गटारांतून एकत्र येते. आपल्या किनाऱ्यावरील दोनशे खोल्यांच्या हॉटेलात चारशे पाहुणे उतरले आणि प्रत्येकाने दिवसाला अडीचशे लिटर पाणी सांडले, तरी हाती येणार लाखभर लिटर. उरलेले पंधरा लाख कोठून येणार? कूपनलिकांतून, शेजारच्या गावाच्या विहिरींच्या झऱ्यांतून, नाही तर सरकारच्या कालव्यातून.

आणि हा कालवा कोणता, हेच आता पाहायचे आहे.

तिलारीचे पाणी

तिलारी धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. ६ एप्रिल १९९० रोजी महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात जो करार झाला, त्यानुसार या प्रकल्पाच्या खर्चाचा आणि पाण्याचा मोठा वाटा, सुमारे ७३ टक्के, गोव्याचा आहे. पेडणे, डिचोली आणि बार्देश या तालुक्यांची शेती भिजावी आणि उत्तर गोव्याला पिण्याचे पाणी मिळावे, हा त्यामागचा उद्देश. तो अत्यंत योग्यच होता. एकाच भूमीची, एकाच भाषेची, एकाच देवस्थानांची माणसे नदीच्या दोन्ही अंगांना राहतात. पाणी वाटून घेण्यात वावगे काय? या विचाराने महाराष्ट्राने जमीन दिली. आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे ही गावे उठली. त्यांची देवळे, वायंगणी मळे, माडापोफळीच्या बागा पाण्याखाली गेल्या. विस्थापितांना प्रत्येक कुटुंबामागे नोकरीचे दिलेले आश्वासन आणि त्याऐवजी अखेर एकरकमी रक्कम, यांसाठी वर्षानुवर्षे धरणे धरावे लागले. या मंडळींनी घर सोडले ते पेडण्याच्या शेतकऱ्याचे शेत भिजावे म्हणून, असा त्या त्यागाचा अर्थ आपण सर्वांनी लावला होता.

आता धारगळकडे वळू. या दशकाच्या प्रारंभी गोवा सरकारने धारगळ येथील सुमारे ३.३३ लाख चौरस मीटर जमीन तिलारीच्या लाभक्षेत्रातून वगळण्याचा निर्णय घेतला. लाभक्षेत्रातील जमीन शेतीलाच वापरावी लागते. ती वगळली म्हणजे बांधकामाला मोकळी झाली. आणि ही जमीन होती, देशातील एका मोठ्या कॅसिनो कंपनीच्या नियोजित करमणूक-नगरीची. यावरून गोव्याच्या विधानसभेत आणि बाहेरही मोठा वादंग माजला. कायदेशीर बाजू ज्यांनी त्यांनी मांडावी, आपण एकच गोष्ट ध्यानी घेऊ. सरगव्याच्या माणसाने आपला मळा बुडू दिला, त्या पाण्याने जे शेत भिजायचे होते तेच शेत आता भिजणार नाही. जी वास्तू तेथे उभी राहील तिला मात्र पाणी लागणारच आहे, आणि पेडणे तालुक्यात मोठ्या प्रमाणावर पाणी देऊ शकेल असा दुसरा स्रोत कोणता? आजही तिलारीचा कालवा कोठे फुटला की चार-आठ दिवस पेडणे आणि बार्देशातील नळ कोरडे पडतात. इतके ते पाणी मोजके आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. जुगारात सर्वस्व घालवलेल्या माणसाचा तो विलाप. बायको दुरावली, सासू तोंड पाहत नाही, भाऊबंद ओळख देत नाहीत. त्या सूक्तात अखेरीस जुगाऱ्याला सल्ला मिळतो तो असा की, फासे टाकून दे आणि आपले शेत कस. आपल्या पूर्वजांनी जुगाराकडून शेताकडे जाण्याचा मार्ग दाखवला; आपण शेताकडून जुगाराकडे जाण्याची अधिसूचना काढली.

मोप येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तो व्हायलाच हवा होता. सिंधुदुर्गच्या माणसालाही त्याचा लाभ आहे. परंतु विमानतळ आला की त्याच्या अवतीभोवतीची जमीन कोणाच्या डोळ्यांत भरते, हे जगभर एकसारखेच आहे. मांडवीतील कॅसिनो नौका पेडण्यात हलवण्याच्या घोषणाही झालेल्या आहेत. जुगारगृहाच्या शेजारी पंचतारांकित हॉटेल येते. हॉटेलच्या शेजारी, जमीन हाती असेल तर, गोल्फचे मैदान येते. कारण रात्री जुगार खेळणाऱ्याला दिवसा काहीतरी करमणूक हवी असते, आणि मैदानाच्या कडेचे बंगले चढ्या भावाने विकता येतात. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता यातला खरा धंदा खेळाचा नसून भूखंडांचा आहे. आग्नेय आशियात १९८० च्या दशकात हेच घडले. जपानी पर्यटकांसाठी थायलंड आणि मलेशियात जंगले आणि भातशेते साफ करून मैदाने आखली गेली. त्याची प्रतिक्रिया एवढी तीव्र उमटली की २९ एप्रिल १९९३ रोजी गोल्फविरोधी जागतिक चळवळीची घोषणा झाली. गोव्यातही त्या काळात हा वाद पेटला होता.

गोल्फ या खेळाशी आमचे वैर नाही, हे येथेच स्पष्ट करायला हवे. टोकिओ ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक या आपल्या मुलीचे पदक अगदी थोडक्यात हुकले, ती चौथी आली, तेव्हा ज्यांना या खेळातले ओ की ठो कळत नाही त्यांनीही पहाटे उठून तो सामना पाहिला. कलकत्त्याला १८२९ पासून गोल्फ क्लब आहे. लष्कराची मैदाने आहेत. ज्या शहरात सांडपाणी मुबलक आहे आणि जमीन सार्वजनिक आहे, तेथे हा खेळ खुशाल वाढावा. आक्षेप आहे तो ज्या गावात प्यायला पाणी नाही त्या गावात खासगी भूखंडांच्या विक्रीसाठी गवत पोसण्याला.

सडा पडीक नसतो

आता आपल्या जिल्ह्याविषयी. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण, सागरी महामार्ग, चिपीचा विमानतळ, मोपचा विमानतळ या साऱ्यांमुळे राजापूर-लांज्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जमिनीला अकल्पित भाव आले आहेत. भाऊबंदकीत अडकलेली, सामाईक सातबाऱ्यांवरची जमीन कोणीतरी मुंबईचा दलाल एकेका हिस्सेदाराला गाठून गोळा करतो आणि चार वर्षांनी गावाला कळते की, अख्खा सडा विकला गेला. आणि गोल्फला नेमका सडाच लागतो. सपाट, विस्तीर्ण, वस्ती नसलेला, समुद्र दिसणारा.

महसुली दप्तरात या सड्यांची नोंद पोटखराब, पडीक अशी आहे. ही ब्रिटिशांची दृष्टी. ज्यातून शेतसारा येत नाही ते निरुपयोगी. कोकणातला म्हातारा असे म्हणणार नाही. पावसाळ्यात सड्यावरच्या कातळात जे पाणी मुरते तेच पायथ्याच्या वाडीच्या झऱ्याला, विहिरीला पुढे कित्येक महिने पुरते. सडा ही गावाची पाण्याची टाकी आहे, फक्त तिला सिमेंटच्या भिंती नाहीत. त्यावर चर खणून, माती आणून टाकून, गवताचे गालिचे पसरले आणि त्या गवताला खते व बुरशीनाशके दिली की, तेच पाणी खालच्या विहिरीत उतरणार आणि पावसाबरोबर खाडीत जाणार. आपल्या दमट हवेत परदेशी गवताला बुरशी लागतेच, त्यामुळे फवारणीला पर्याय नाही. खाडीत तिसऱ्या आणि मुळे काढून आठवड्याचा बाजार करणाऱ्या बायकांना याची किंमत मोजावी लागेल, आणि त्यांचे नाव कोणत्याही प्रकल्प अहवालात येत नाही.

शिवाय याच सड्यांवर कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू येथील कातळशिल्पे आहेत. हजारो वर्षांपूर्वी या भूमीवर राहिलेल्या माणसाने कातळात कोरलेले हत्ती, मासे, मानवाकृती. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सरकारी दप्तराने ज्या जमिनीला पडीक म्हटले, तेथे आपल्या संस्कृतीची सर्वांत जुनी पाने उघडी पडली आहेत! अजूनही किती सडे कोणी पाहिलेले नाहीत. त्यांवर बुलडोझर फिरला तर काय गेले, हे कळणारही नाही.

रोजगाराचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. आमच्या गावांतील घरे कुलूपबंद आहेत, गणपती-शिमग्यापुरती उघडतात. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याची शेकडो मुले रोज दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात. त्यांना कोणी सांगावे की तुझी नोकरी पापाची आहे? लाफलिनसमोरच्या बुलहेड सिटीसारखीच ही स्थिती. पण हा रोजगार कोणत्या दर्जाचा आहे, हे विचारायलाच हवे. गवत कापणे, टोपल्या उचलणे, खोल्या झाडणे, दारावर सलाम ठोकणे. ज्याच्या आजोबाची शंभर कलमांची बाग होती तो त्याच बागेच्या जागी आखलेल्या मैदानावर कोणाची तरी थैली वाहणार. हापूसचे कलम एकदा धरले की त्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागत नाही. काजू तर खडकातही येतो. आंबा, काजू, कोकम यांवरची प्रक्रिया, मासळीची शीतगृहे, घराघरांतील न्याहारी-निवास, किल्ले आणि कातळशिल्पे पाहायला येणारा अभ्यासू पर्यटक यांतून येणारा पैसा थोडा थोडा आणि सावकाश येतो, हे खरे. पण तो गावात राहतो. सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले गेले. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी संपादित केलेल्या जमिनीचा प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षे धुमसत राहिला. ज्या शिरोड्याने १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह केला, त्याच शिरोड्याच्या लोकांना स्वतंत्र भारतात आपल्या किनाऱ्यासाठी पुन्हा उभे राहावे लागले. या साऱ्या काळात जिल्ह्याचे पर्यटन खरोखर वाढवले ते तारकर्ली-मालवणच्या घरगुती खानावळींनी आणि होडीवाल्यांनी.

आता थोडे आपल्या मंडळींविषयी, कारण ते टाळले तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. गोव्यात जुगाराला पंचतारांकित हॉटेलांत वाट करून देणारी १९९२ ची दुरुस्ती आणि पुढे १९९६ मध्ये नौकांवरच्या जुगाराला मुभा देणारी दुरुस्ती या काँग्रेसच्या काळातल्या. भाजप विरोधी पक्षात असताना मांडवीतील कॅसिनोंविरुद्ध रस्त्यावर उतरला. कार्यकर्त्यांनी त्यासाठी घसा कोरडा केला. २०१२ मध्ये सत्ता आली. नौका मात्र मांडवीतच राहिल्या. हलवण्याची मुदत दिली गेली, वाढवली गेली, पुन्हा वाढवली गेली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली, आणि या निर्णयाचे स्वागतही झाले. पण त्याचा अर्थ काय होतो? जुगार वाईट आहे हे सरकारला मान्य आहे. म्हणूनच आपल्या लेकरांना तो वर्ज्य. मग बांदा, बेळगाव, कोल्हापूर, रत्नागिरीची लेकरे कोणाची? पत्रादेवीला जे धारातीर्थी पडले त्यांपैकी राजाभाऊ महाकाळ उज्जैनचे आणि कर्नैल सिंग पंजाबचे. गोवा मुक्त करायला साऱ्या देशाची माणसे चालली. महसुलाची अडचण आम्हालाही कळते. खाणी बंद पडल्यावर राज्याच्या तिजोरीवर ताण आला, आणि कॅसिनोंतून शेकडो कोटी येतात. परंतु अपरिहार्यता म्हणून सहन करणे वेगळे आणि त्यासाठी ओलिताची जमीन मोकळी करून देणे वेगळे.

महाराष्ट्राने या बाबतीत एक स्वच्छ निर्णय घेतला, त्याची नोंद घ्यावी. १९७६ साली येथे कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही, पण पुस्तकात राहिला आणि दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी त्याच्या आधारे कोकणात कॅसिनो आणण्याची टूम काढी. देवेंद्र फडणवीसांनी त्याला सातत्याने विरोध केला आणि २०२३ मध्ये तो कायदा रद्द झाला. यामुळे रेडीच्या अलीकडे जुगारगृह येणार नाही. मात्र जुगारगृहाच्या सावलीत वाढणारे बाकी सारे, म्हणजे गोल्फची मैदाने, भूखंडांच्या वसाहती, विहिरींचा उपसा, यांना हा कायदा अडवू शकत नाही. ते अडवायचे तर पाण्याच्या दारात अडवावे लागेल.

त्यासाठी नव्या कायद्याचीही फारशी गरज नाही. तिलारीसाठी दोन्ही राज्यांचे नियंत्रण मंडळ आहे. लाभक्षेत्रातील जमीन वगळली तर तिच्या वाट्याचे पाणी आपोआप करमणूक-नगरीकडे न वळता शेतीच्या आणि पिण्याच्या खात्यातच राहील, आणि अशा प्रत्येक फेरबदलाला दोन्ही राज्यांची लेखी संमती लागेल, एवढा ठराव त्या मंडळाने करावा. आज दोन्हीकडे आपल्याच विचारांची सरकारे आहेत, केंद्रातही आहे. विरोधकांनी अडवले, ही सबब यावेळी उपलब्ध नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील दोन्ही जिल्हा प्रशासनांनी पंचवीस एकरांहून मोठ्या कोणत्याही पर्यटन प्रकल्पाला बिगरशेती परवाना देण्याआधी मार्च ते मे या महिन्यांत तो रोज किती लिटर पाणी कोठून घेणार, याचे उत्तर ग्रामसभेसमोर मराठीत वाचून दाखवायला लावावे. आणि सड्यावरची जमीन विकली जात असेल तर ती कातळशिल्पांसाठी व झऱ्यांसाठी आधी तपासली जावी. हे काम गावातील शाळेचे शिक्षक आणि दहा तरुण दोन रविवारांत करू शकतात, कारण कोणता झरा कधी आटतो हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते.

येत्या उन्हाळ्यात दोडामार्गला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक काम अवश्य करावे. तिलारीच्या पुनर्वसन वसाहतींत जावे आणि घराघरांत विचारावे की, तुमच्या नळाला एप्रिलमध्ये दिवसाला किती वेळ पाणी येते. त्या आकड्यांची यादी तालुक्याच्या तहसीलदारांकडे आणि तिलारीच्या नियंत्रण मंडळाकडे एकाच दिवशी दिली जावी.